निवडुंगावरचे पाहुणे

सर गेल्याचे मला पत्राने कळले, आणि तेही दिवसवार होऊन गेल्यावर. पत्र त्यांच्या भाचीचे होते. मामांच्या ट्रंकेत एक वही सापडली, तिच्यातले अक्षर मामांचे नाही, ते साताऱ्याच्या ग्रंथपालांचे आहे असे मामा सांगत, तेव्हा वही तुमच्याकडे पाठवते आहे, असे तिने लिहिले होते.

मी ग्रंथपाल कधीच नव्हतो. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तके देणारा-घेणारा सहायक होतो. पण सरांनी पहिल्या भेटीत मला ग्रंथपाल म्हटले आणि शेवटपर्यंत तेच म्हटले.

वही येऊन आठ दिवस झाले. टेबलावर पडून आहे. उघडायचा धीर होत नाही, आणि तशी गरजही नाही, कारण तिच्यातली प्रत्येक ओळ मीच लिहिलेली आहे. म्हणून आधी सरांविषयी लिहून काढतो.

ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते आणि त्याच जागेवरून निवृत्त झाले. प्राणिशास्त्राचे लोक म्हणत, हा माणूस खरा वनस्पतिशास्त्राचा. वनस्पतिशास्त्राचे लोक म्हणत, आम्हाला नको. उंच, किंचित पुढे झुकलेले. पायांत कॅनव्हासचे बूट, ते मुळात पांढरे होते असे त्यांचे म्हणणे. गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेले भिंग असे. समोरचा काय म्हणतो ते नीट कळले नाही की ते भिंग डोळ्याला लावत. प्राचार्यांशी बोलतानाही एकदा लावले होते.

मुलांच्या जर्नलमध्ये चुकलेल्या आकृतीवर ते कधी फुली मारत नसत. बाजूला लाल शाईने, अगदी बारीक अक्षरात ‘पुन्हा पाहा’ एवढेच लिहीत. बरोबर असेल तर एक छोटीशी खूण, तीही क्वचित. एका मुलीने झुरळाची आकृती चार वेळा काढली तेव्हा कुठे तिला ती खूण मिळाली. तिने रडवेल्या आवाजात विचारले, “सर, पहिल्या आकृतीत काय चुकलं होतं?” सर म्हणाले, “काही नाही. पण ती तुम्ही पुस्तकात बघून काढली होती. झुरळ आज पाहिलंत.”

त्यांची दुसरी सवय लोकांना जास्त जाचक वाटे. ते प्रत्येक गोष्ट विचारून करत. ग्रंथालयात येऊन पहिल्यांदा मला म्हणाले, “ही खिडकी उघडू का?” मी मान डोलावली. ते तसेच उभे राहिले.

“मान नको, ग्रंथपाल. हो म्हणा किंवा नाही म्हणा. मान कशीही हलते.”

मी हो म्हटले. मग त्यांनी खिडकी उघडली, आणि बाहेरच्या भिंतीवरचा कुठलासा किडा तासभर पाहत बसले.

माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे तीसेक घरांची एक वाडी आहे. तिथले माळावरचे गायरान निवडुंगाने भरून गेले होते. फड्या निवडुंगाचा एक फड, म्हणजे ते चपटे काटेरी पान, जमिनीवर पडला की मुळे धरतो, त्यामुळे तोडायला गेले तर तोडताना जे पडते तेच पुन्हा उगवते. वाडीतले बहुतेक लोक धनगर. मेंढरे निवडुंगाच्या बुडातले गवत खायला तोंड घालत आणि ओठांत, जिभेत, कधी डोळ्यांत काटे घेऊन परत येत. सर विद्यार्थ्यांची सहल घेऊन तिकडे गेले होते तेव्हा बिरू नावाचा एक धनगर मेंढीचे डोके मांडीवर घेऊन चिमट्याने काटे काढत बसला होता. सरांनी विचारले, “मी काढू का?” बिरू हो म्हणाला. सरांनी भिंग लावले आणि दुपार होईपर्यंत तिथेच बसले. मुले त्यांच्यावाचून सहल करून आली.

त्या दिवसापासून तो माळ त्यांच्या डोक्यात बसला. मोठाल्या कुरणांतले तण हटवायला जगात ठिकठिकाणी ते तण खाणारी कीड सोडतात, हे त्यांनी वाचलेले होते. निवडुंगावरची तशी कीड पूर्वी आपल्या देशातही आणली गेली होती आणि कुठे कुठे टिकून होती. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, पांढऱ्या लोकरीत लपेटून फडाला चिकटलेली. बोटाने दाबली की आतून गडद किरमिजी रस येई. सर तिला कीड म्हणत नसत. लांबून आलेली, कुणीतरी बोलावलेली, म्हणून पाहुणे म्हणत.

पहिले पाहुणे त्यांनी सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका मळ्यातून आणले. तिथल्या कुंपणाच्या निवडुंगावर ते होते. एस.टी.त सरांच्या मांडीवर झाकलेली टोपली, शेजारी मी.

“टोपलीत काय हाय?” कंडक्टरने विचारले.

“पाहुणे आहेत.”

कंडक्टरने फडके उचलून पाहिले. “किडं हाईत की हे!”

“हो. निवडुंग खातात.”

“आवं, मानसं मेंढरं पाळत्यात, कोंबड्या पाळत्यात. तुमाला हेच गावलं व्हय?” सगळी गाडी हसली. सरही हसले, आणि मग त्यांनी त्याला विचारले, “तुम्हाला भिंगातून पाहायचे आहेत का?” कंडक्टरने पाहिले. पुढच्या थांब्यापर्यंत पाहत राहिला, आणि ड्रायव्हरला त्याच्या नावाने दोनदा हाक मारावी लागली.

ते पाहुणे मेले. सरांनी ते माळावरच्या निवडुंगावर काट्याने टोचून बसवले होते. तीन आठवड्यांनी गेलो तर लोकर वाळली होती आणि आत काही नव्हते. कृष्णाकाठचा निवडुंग उंच, वेगळ्या जातीचा, आणि त्याच्यावरची कीड फक्त तोच खाणारी. माळावरचा निवडुंग तिच्या तोंडचा नव्हता. सर खाली बसले. “अन्नावर बसून उपाशी मेले, ग्रंथपाल,” ते म्हणाले. “मी पाहिलं नाही. निवडुंग म्हणजे निवडुंग असं धरून चाललो.” त्या दिवशी आणलेली भाकरी त्यांनी खाल्ली नाही. बिरूच्या कुत्र्याला घालू का, म्हणून बिरूला विचारले.

बरोबर जातीचे पाहुणे वर्षभराने लोणंदच्या बाजूला रेल्वेच्या रुळाकडेला सापडले. पण आता सर आधी वाडीला विचारणार होते.

लोकांना भीती होती की ही कीड ज्वारीवर जाईल. सरांनी बिरोबाच्या देवळात ज्वारी, बाजरी, मिरची आणि वांग्याची रोपे कुंड्यांतून मांडली, प्रत्येकावर पाहुणे ठेवले आणि म्हातारी माणसे पाळीपाळीने राखणीला बसवली. काही दिवसांत सगळे पाहुणे मेले. रोपाचे एक पानही खाल्लेले नव्हते. लोकांची खात्री पटली. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “आन् समदा निवडुंग खाऊन झाल्यावर त्ये काय खानार?”

“काही नाही. उपाशी मरतील,” सर म्हणाले.

“मंग त्येस्नी हितं आनून उपाशी मारायचं. ह्ये पाप कुनाच्या माथी?”

सरांनी भिंग डोळ्याला लावून तिच्याकडे पाहिले. “माझ्या,” ते म्हणाले.

ही सारजाक्का. साठीची, एकटी. गायरानाला लागून तिचा एक तुकडा होता. त्यात वांगी, मिरची, थोडी बाजरी. आणि त्याच्याभोवती पुरुषभर उंचीचे निवडुंगाचे कुंपण, तिने लग्न होऊन आल्यावर स्वतः एकेक फड लावून केलेले. त्या कुंपणाने बिरूची मेंढरे बाहेर राहत. तेवढ्यावरून दोघांची वीस वर्षांची भांडणे होती.

सर घरोघर जात आणि मी वही घेऊन मागे. घरटी एक ओळ, नाव आणि पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. प्रत्येकाला सर तेच सांगत. “सोडलेला पाहुणा परत बोलावता येत नाही. माळावरचा निवडुंग कुठला आणि कुंपणाचा कुठला, हे त्याला कळत नाही. निवडुंगाची बोंडंही खायला मिळणार नाहीत. तरी सोडू का?”

“सोडा की, सर! इचारताय काय?”

“हो का नाही, ते सांगा.”

“व्हय, व्हय, व्हय! तीनदा झालं. लिवा आता.”

बरेच रविवार असे गेले. सारजाक्काने मात्र ऐकून घेतले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “न्हाई.”

बिरू तिथेच होता. “अक्का, माज्या मेंढराचं डोळं गेलं गं!”

“तुज्या मेंढराचं डोळं गेलं, माजी भिंत कशापायी पाडतोस? ती भिंत हाय म्हून माज्या पोटात दोन घास जात्यात. न्हाई म्हंजे न्हाई.”

मी हळूच सरांना म्हणालो, “विचार करते असं लिहू का?” ती पुढे कधीतरी बदलेल असे मला वाटत होते.

“ती नाही म्हणाली आहे. नाहीच लिहा.”

ओळी संपल्यावर सर म्हणाले, “आता माझं नाव लिहा.” मी म्हटले, तुम्ही वाडीतले नाही. “सोडणारा तर मी आहे. मलाही कुणीतरी विचारायला हवं. विचारा.” मी त्यांना सगळे वाक्य म्हणून दाखवून विचारले. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग म्हणाले, “हो.” ते मी शेवटच्या ओळीत लिहिले.

बिरू चिडला होता. “एका म्हातारीपायी समदा माळ अडवनार व्हय?”

“ती अडवत नाही. ती नाही म्हणते आहे. त्याची वाट काढायची ती आपण.”

त्यांनी काढलेली वाट अशी होती. या किडीच्या मादीला पंख नसतात. तिची पिल्ले वाऱ्यावर जातात तेवढीच. सारजाक्काच्या कुंपणाभोवती शंभर पावले रुंदीचा पट्टा निवडुंगावाचून मोकळा ठेवला तर त्यांना सहजी ओलांडता येणार नाही. तो पट्टा सरांनी आणि मी हातांनी साफ केला. कोयत्याने तोडायचे, पडलेला प्रत्येक फड काठीने उचलायचा, ढीग करून जाळायचा. त्या वर्षीची दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. माझ्या तळव्यांतले काटे पुढे संक्रांतीपर्यंत निघत होते. पाणी आणायला निघालेल्या बाया थांबून बघत.

“निवडुंग तोडायचा कटाळा म्हून किडं आनलं,” त्यांतली एक म्हणाली, “आन् आता किड्यापायी निवडुंग तोडत्यात. शिकून मानूस आसा व्हतोय, बाई.”

बिरूने चार दिवस आमच्याशी बोलणे टाकले. पाचव्या दिवशी कोयता घेऊन आला आणि मुकाट्याने तोडायला लागला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात पाहुणे सोडले. वर्षभरात माळ पांढरा ठिपकेदार दिसू लागला. मग फड पिवळे पडून गळू लागले. सर दर महिन्याला जात आणि प्रत्येक वेळी सारजाक्काच्या कुंपणाला फेरी मारून येत. तिथे काही नव्हते. मी त्यांना इतके आनंदात कधी पाहिले नव्हते. एकदा येताना एस.टी.त त्यांनी मला, आणि मग शेजारच्या अनोळखी माणसाला विचारून, एक भजन म्हटले.

मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही.

पुढल्या उन्हाळ्यात बिरूचे कार्ड आले, वाडीच्या मास्तरांकडून लिहवलेले. सर, माळ मोकळा झाला, गवत नाही, निवडुंगही नाही, एकदा येऊन जावे, एवढेच.

आम्ही गेलो. बिरूचे भाऊ कळप घेऊन फलटणच्या बागायतीकडे उतरले होते. ज्यांना लांब चालवणार नाही अशा गाभण मेंढ्या त्याने मागे ठेवल्या होत्या. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आजूबाजूच्या गावांत लोक निवडुंगाचे फड जाळावर धरून काटे भाजत आणि तेच जनावरांना घालत होते. या वाडीच्या माळावर नुसते तपकिरी, मोडून पडलेले सांगाडे होते. पाऊस असता तर पिल्ले धुऊन गेली असती, कीड जरा रोखली गेली असती. पाऊस नव्हता, म्हणून पाहुण्यांनी काही शिल्लक ठेवले नव्हते.

बिरूने आम्हाला प्यायला पाणी दिले. सरांनीच विचारले, “तुम्ही मला शिव्या का देत नाही?”

“कशापायी, सर? तुमी इचारलं व्हतं. आमीच व्हय म्हनलं.”

तो हे चांगल्या मनाने म्हणाला. सर माळाकडे पाठ करून उभे राहिले. परतताना मला म्हणाले, “दुष्काळात काय घालाल, हे मी विचारलं नव्हतं. मला सुचलंच नाही, ग्रंथपाल. सगळ्यांना विचारलं आणि विचारायचं तेच राहिलं.”

सगळ्या माळावर हिरवे होते ते एकच, सारजाक्काचे कुंपण. पण त्यालाही पश्चिमेकडून पांढरे ठिपके आले होते. जोराच्या वाऱ्याने पिल्लांनी पट्टा ओलांडला होता.

सरांनी तिला विचारले, “साफ करू का?” ती म्हणाली, “करा.” आणि मे महिन्याची सगळी सुट्टी ते त्या कुंपणाशी उभे राहिले. पाणी टँकरचे, तेव्हा धुण्याचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या दाढीच्या ब्रशाने एकेका फडावरून ते पाहुणे झाडत, वरून खालपर्यंत, भिंग लावून. त्यामुळे महिनाभर त्यांची दाढी झाली नाही. हात कोपरापर्यंत लाल. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बाया म्हणत, “सरांची रंगपंचमी अजून सरंना.” झाडलेले पाहुणे मी टाकून देऊ लागलो तर सरांनी थांबवले आणि एका बाटलीत भरून घेतले. कशाला म्हणून मी विचारले. “जर्नलं तपासायला शाई लागते,” ते म्हणाले.

तीन माणसे मी त्या दिवसांत पाहिली. बिरू लांबून कुंपणाकडे बघे आणि मागत नसे, कारण वीस वर्षे तो त्या कुंपणाला शिव्या देत आला होता. सर मागत नसत, कारण या बाईकडे आता काही मागायचा आपल्याला हक्क नाही असे त्यांना वाटे. सारजाक्का दारात बसून दोघांकडे बघे. महिना संपत आला तेव्हा एक मेंढी मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर सारजाक्का कोयता घेऊन कुंपणाशी उभी. तिने मोठ्याने हाक मारली, “ए बिऱ्या! हिकडं ये. जाळ कर.”

बिरू आला.

“वाऱ्याच्या अंगाला लागलीया कीड, तिकडनं कापायला लाग. किड्याच्या आदी मेंढरानं खाल्लेलं बरं. आन् नुसतं निवडुंग घालू नगंस, ढाळ लागंल. माज्याकडं थोडा कडबा हाय, त्यो मिसळ.”

“अक्का...” बिरू म्हणाला, आणि पटक्याच्या शेवाने डोळे पुसू लागला.

“रडतोस काय, मुडद्या? आन् पाऊस पडल्यावर तुजी मेंढरं माज्या वांग्यात दिसली तर बघ.”

सर ब्रश हातात धरून तसेच उभे होते. लागलेली बाजू आधी कापायची, हे त्यांना महिनाभर भिंगातून दिसले नव्हते. ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “मी भाजू का?”

“भाजा की, सर. इचारताय काय?” ती म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने जरा दम खाल्ला आणि नीट, सावकाश म्हणाली, “व्हय.”

बाकीच्या मेंढ्या जगल्या. पाऊस पडेपर्यंत तीन बाजूंचे कुंपण संपले, दाराकडची बाजू तेवढी उरली. त्या पावसात माळावर बिनकाट्याचे गवत आले, कधी नव्हे इतके, आणि वाडीने सरांना मानाचा नारळ दिला. सरांनी तो घेतला, पण त्या दिवशी त्यांनी गवताकडे फारसे पाहिले नाही. ते सारजाक्काच्या तुकड्याच्या कडेने ओणवे होऊन एकेक फड मातीत लावत होते, वीतभर अंतरावर, तिने सांगितले तसे. बिरू त्यांच्या मागे फिरून माती दाबत होता.

त्यानंतर सरांनी कुठे काही सोडले नाही. पुढे बदली होऊन मी सांगलीला आलो. त्यांची पत्रे येत, प्रत्येक पत्रात एक प्रश्न असे आणि उत्तर गेल्याशिवाय पुढचे पत्र येत नसे. माझ्याकडून शेवटच्या पत्राचे उत्तर राहून गेले. त्यांनी विचारले होते, मी एकदा तुमच्याकडे येऊ का.

आज सकाळी वही उघडली. माझे त्या वेळचे नेटके अक्षर, निळी शाई आता फिकट झालेली. पानामागून पान, नाव आणि ‘हो’. सारजाक्काची ओळ आली. तिच्या ‘नाही’च्या पुढे एक छोटीशी बरोबरची खूण होती. ती मी केलेली नव्हती. गडद किरमिजी, आज केल्यासारखी ताजी.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ. सरांचे नाव, आणि पुढे माझ्या हाताने लिहिलेला त्यांचा ‘हो’. त्याच्या शेजारी त्याच रंगात, अगदी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘पुन्हा पाहा’.